तीन मासे एकाच वेळी: अलास्काच्या आखातातलं २०१४–१६चं प्रकरण

१ आणि २ जानेवारी २०१६. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या मोठ्या खाडीत व्हिटियर गावाजवळच्या किनाऱ्यावर ६,५४० मेलेले पक्षी मोजले गेले. सगळे एकाच जातीचे: काळपट पाठ, पांढरं पोट, वजन सुमारे एक किलो. ज्यांची शवचिकित्सा झाली त्यांचं चित्र जवळपास सारखंच होतं. जठर रिकामं, कातडीखाली चरबीचा थर नाही, छातीचे स्नायू खंगून उरोस्थी वर आलेली. म्हणजे उपासमार.

या पक्ष्याचं अमेरिकी नाव देवनागरीत लिहायला गेलं की ते 'मर' असं होतं, आणि या प्रकरणात ते फारच बोचतं. म्हणून इथे त्याचं युरोपातलं नाव वापरलं आहे: गिलेमॉट.

व्हिटियरचा किनारा हा या प्रकरणाचा एक तुकडा होता. २०१५चा उन्हाळा ते २०१६चा वसंत या काळात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत मिळून सुमारे ६२,००० गिलेमॉट मेलेले किंवा मरणाच्या दारात किनाऱ्याला लागले. कोडं असं की उत्तरेकडच्या समुद्रांत सगळ्यात शेवटी उपाशी पडावा असा हा पक्षी. तो २०० मीटरपर्यंत बुडी मारतो, एका दिवसात लांबचा पल्ला गाठतो, आणि एक मासा मिळेनासा झाला की दुसऱ्यावर वळतो. त्यातून त्याच्या खाण्यातल्या बहुतेक छोट्या माशांची इथे कोणी व्यापारी मासेमारीही करत नव्हतं.

पाणी का तापलं

२०१३–१४च्या हिवाळ्यात ईशान्य पॅसिफिकवर उच्च दाबाचा पट्टा महिनोन्‌महिने ठाण मांडून बसला. त्या भागातली हिवाळी वादळं एरवी दोन कामं करतात: समुद्राची उष्णता हवेत सोडतात आणि खालचं थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर आणतात. त्या हिवाळ्यात दोन्ही कामं अर्धवट राहिली. तापलेल्या पाण्याचा प्रचंड डाग तयार झाला आणि वॉशिंग्टन राज्याचे हवामानतज्ज्ञ निक बाँड यांनी २०१४ मध्ये त्याला 'द ब्लॉब' म्हटलं. काही ठिकाणी पृष्ठभागाचं तापमान सरासरीपेक्षा अडीच-तीन अंश सेल्सिअसने वर गेलं. त्यातच २०१५–१६चा तगडा एल निनो आला आणि पाणी पूर्ववत थंड व्हायची संधीच गेली.

तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण थंड पाण्यातले मोठे, तेलाने भरलेले कोपेपॉड नावाचे सूक्ष्म प्राणी कमी होऊन त्यांच्या जागी उबदार पाण्यातले छोटे, कोरडे कोपेपॉड यायला तेवढे पुरेसे असतात. अन्नसाखळीतली चरबी इथेच, अगदी तळाशी, आटायला लागली.

ते तीन मासे

या समुद्रातल्या पक्ष्यांची आणि देवमाशांची भिस्त प्रामुख्याने तीन छोट्या माशांवर असते. कॅपेलिन थंड पाण्याचा, आयुष्य दोन-तीन वर्षांचं, आणि अंडी घातली की बहुतेक मासे मरतात. सँड लान्स हा बोटभर जाडीचाही नसलेला, पट्टीसारखा लांबट मासा. उन्हाळ्यात तो चरबी साठवतो आणि हिवाळ्याचा बराचसा काळ वाळूत पुरून घेऊन त्याच चरबीवर काढतो. तिसरा हेरिंग, तुलनेने दीर्घायुषी. त्याची भक्कम पिढी दर वर्षी येत नाही, पण आली की पुढची काही वर्षं समुद्राला पोसते. आपल्या किनाऱ्यावर तारली, पेडवे, मांदेली ही मंडळी जे काम करतात, तेच हे तिघे तिथे करतात: प्लवकातलं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमधलं) तेल मोठ्या तोंडांपर्यंत पोहोचवायचं.

या व्यवस्थेचं बळ तिघांच्या वेगवेगळ्या स्वभावांत होतं. थंड वर्षं कॅपेलिनला मानवत, तुलनेने उबदार वर्षांत सँड लान्स उपयोगी पडत असे, हेरिंगचं घड्याळ आणखी निराळं. एकाचं वर्ष वाईट गेलं तर दुसरा भरून काढायचा, आणि गिलेमॉटसारखा हरहुन्नरी पक्षी आपली चोच तिकडे वळवायचा. अर्थात हा त्रिकोण ब्लॉबच्या आधीच एका कोपऱ्यात खचलेला होता. प्रिन्स विल्यम साउंडमधला हेरिंग १९९३ मध्ये कोसळला होता आणि नंतर पूर्वीसारखा सावरलाच नाही.

२०१४ ते २०१६ मध्ये तिघेही एकदम खाली आले. माझ्या मते या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. एखादा मासा घटणं ही उत्तरेकडच्या समुद्रांतली जुनीच गोष्ट. तिघांनी एकाच वेळी पाठ फिरवणं ही नवी होती.

हे कळलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. छोट्या माशांच्या साठ्याचा अंदाज जहाजावरून घेणं खर्चिक आणि बेभरवशाचं काम. त्यांचे थवे विखुरलेले असतात, किनाऱ्याला चिकटलेले असतात, आणि सँड लान्स तर वाळूतच गडप होतो. त्यामुळे नमुने गोळा करायचं काम पक्ष्यांवरच सोपवलं जातं. आखातातल्या मिडलटन बेटावर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पक्ष्यांच्या आहाराची नोंद होते आहे. तिथल्या वायुदलाच्या जुन्या रडार मनोऱ्याच्या भिंतींवर किटिवेक पक्ष्यांसाठी कृत्रिम कपारी केल्या आहेत आणि आतून एकतर्फी काचेतून प्रत्येक घरटं हातभर अंतरावर दिसतं. हाताळल्यावर किटिवेक खाल्लेलं ओकतो, ते गोळा करायचं. पफिन आणि ऱ्हायनोसेरॉस ऑकलेट पिल्लांसाठी मासे चोचीत आडवे धरून आणतात, ते घ्यायचे. मग जात ओळखून लांबी आणि वजन टिपायचं. २००८ ते २०१३ या थंड वर्षांत या नमुन्यांत कॅपेलिन भरपूर होता. पाणी तापलं आणि तो जवळजवळ दिसेनासा झाला.

आकड्यातला मासा आणि पोटातला मासा

किती मासे आहेत, एवढाच प्रश्न विचारला तर हे प्रकरण अर्धवटच कळतं. सँड लान्स २०१६ मध्येही सापडत होता. पण तो पूर्वीचा सँड लान्स नव्हता.

प्रिन्स विल्यम साउंडमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दर जुलैत सँड लान्सचे नमुने घेऊन त्यांची लांबी आणि उष्मांक मोजले गेले. त्याच वर्षी जन्मलेल्या माशांत फारसा फरक पडला नव्हता. फरक होता एक वर्ष वयाच्या माशांत, आणि भक्षकांचा खरा आधार तेच असतात. २०१६ मध्ये हे मासे थंड वर्षांच्या तुलनेत ३८ टक्के आखूड होते आणि त्यांच्या दर ग्रॅम मांसातली ऊर्जा १३ टक्के कमी होती. एका अख्ख्या माशातली ऊर्जा २०१५ मध्ये ४४ टक्क्यांनी आणि २०१६ मध्ये ८९ टक्क्यांनी घटली.

लांबी ३८ टक्के घटल्यावर ऊर्जा ८९ टक्के कशी घटते? लांबी घटली की वजन घनाच्या हिशेबाने उतरतं. ०.६२ चा घन सुमारे ०.२४, म्हणजे वजन चौथ्या हिश्श्यावर आलं. त्यात मांसच १३ टक्के निकृष्ट, म्हणजे ऊर्जा पाचव्या हिश्श्यावर. प्रत्यक्ष मोजमापात घट त्याहूनही मोठी निघाली. तेलाने भरलेली तारली आणि कोरडी तारली यांतला फरक आपल्याला तव्यावर कळतो. तिथे तो पक्ष्याच्या जिवावर आला.

आता पक्ष्याच्या बाजूने हिशेब करू. गिलेमॉटला रोज आपल्या वजनाच्या सुमारे ५६ टक्के मासे लागतात, म्हणजे किलोभराच्या पक्ष्याला साधारण साडेपाचशे ग्रॅम. भूक एवढी मोठी असण्याचं कारण त्याच्या शरीराच्या घडणीत आहे. पंख आखूड आणि अरुंद, पाण्याखाली वल्ह्यासारखे चालणारे. बुडीसाठी ते उत्तम, पण तेच पंख घेऊन किलोभराचा देह हवेत ठेवणं फार महाग पडतं. त्याचा जवळचा भाऊ असलेल्या जाड चोचीच्या गिलेमॉटवर मोजमाप झालं आहे: उडताना तो विश्रांतीच्या सुमारे ३१ पट ऊर्जा जाळतो. अंगात साठाही फार नसतो. काही दिवस पोट भरलं नाही की खेळ संपला.

समजा, नेहमीच्या वर्षी त्याचं पोट ४० सँड लान्समध्ये भरतं (हा आकडा केवळ हिशेबापुरता). २०१५च्या माशांनी तेवढीच ऊर्जा मिळवायला सुमारे ७१ मासे लागतील, आणि २०१६च्या माशांनी साडेतीनशेहून अधिक. प्रत्येक मासा म्हणजे एक पाठलाग. आणि जानेवारीच्या सुरुवातीला त्या अक्षांशावर दिवसाचा उजेड साडेपाच-पावणेसहा तासांचा. हे गणित कितीही चपळ पक्ष्याला जमणारं नाही.

विणीच्या हंगामात आणखी एक अडचण. पफिन चोचीत अनेक मासे आणतो, गिलेमॉट पिल्लासाठी एका फेरीत एकच मासा आणतो. डोकं घशाकडे आणि शेपूट बाहेर लोंबती. मासा छोटा निघाला तर अख्खी फेरी वाया जाते, कारण उडण्याचा खर्च तेवढाच असतो. २०१५ ते २०१७ या काळात वेगवेगळ्या वसाहतींत मिळून २२ वेळा संपूर्ण विणच फसली, एकही पिल्लू वाढलं नाही. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि प्रौढ व्हायला चार ते सहा वर्षं घेतो, हे लक्षात घेतलं तर या आकड्याचं वजन कळतं.

वरून माशांचाही दाब

पक्ष्यांच्या ताटातलं कमी का झालं, याला दुसरी बाजू आहे आणि ती बऱ्याचदा सुटून जाते. कॉड, पोलॉक आणि ॲरोटूथ फ्लाउंडर हे मोठे मासेही याच चारा-माशांवर आणि क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या छोट्या जीवांवर जगतात. त्यांचं शरीर थंड रक्ताचं, म्हणजे पाणी तापलं की चयापचय वाढतो आणि भूकही वाढते. पक्ष्याची भूक पाण्याच्या तापमानाने तशी बदलत नाही. म्हणजे ज्या वर्षी प्लवक निकृष्ट झाल्यामुळे छोटे मासे कमी आणि रोडके झाले, नेमक्या त्याच वर्षी त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांची मागणी चढली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे जॉन पियाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुहेरी दाबाला पकडीची उपमा दिली: खालच्या जबड्यात आटलेलं प्लवक, वरच्या जबड्यात वाढलेली भूक, आणि मधे चारा-मासे.

पकड आवळणारेही त्यातून सुटले नाहीत. २०१७च्या सर्वेक्षणात आखातातल्या पॅसिफिक कॉडची संख्या २०१५च्या तुलनेत ७१ टक्के कमी भरली. २०१८ साठी मासेमारीचा कोटा ८० टक्क्यांनी कापला गेला, आणि २०२० मध्ये तिथली संघराज्याच्या अखत्यारीतली कॉडची मासेमारी बंदच ठेवावी लागली.

बाकीचे संशयित

एवढे पक्षी मेले की पहिला संशय विषावर जातो, आणि तो रास्तही होता. २०१५ मध्ये याच किनारपट्टीवर विषारी शैवालाचा मोठा बहर आला होता. मेलेल्या पक्ष्यांची डोमोइक आम्ल आणि सॅक्सिटॉक्सिन या दोन विषांसाठी तपासणी झाली. काहींत अंश सापडले, पण एवढ्या विस्तारावर, एवढे महिने, इतकी सारखी लक्षणं देणारं कारण म्हणून विष पुरं पडत नव्हतं. हिवाळी वादळांमुळे भुकेले पक्षी किनाऱ्याला ढकलले गेले, म्हणून प्रेतं ठरावीक दिवसांत आणि ठरावीक खाड्यांत साचली. पण वादळाने धडधाकट गिलेमॉट मरत नाही. शवचिकित्सेत वारंवार तेच सापडत राहिलं: पोट रिकामं, चरबी नाही, स्नायू खंगलेले.

किती मेले: मोजणीचा घोळ

किनाऱ्यावरची प्रेतं हा मृत्यूंचा छोटासा हिस्सा असतो. बहुतेक पक्षी समुद्रातच बुडतात, गरुड आणि गल त्यांना खातात, अलास्काची बरीच किनारपट्टी तर कोणी चालतच नाही. चालली गेलेली किनारपट्टी, प्रेत किती दिवस टिकतं, वाहून यायची शक्यता किती, हे गुणक लावून पहिला अंदाज निघाला: साधारण ५ लाख ते १२ लाख. यात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'कोस्ट' प्रकल्पातल्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. तेच ठरलेले किनारे वर्षानुवर्षं महिन्याला चालून प्रत्येक पक्ष्याची नोंद करण्याचा त्यांचा शिरस्ता असल्यामुळे 'नेहमी किती सापडतात' हे आधीच माहीत होतं. ती आधाररेषा नसती तर ६२,००० या आकड्याला काही अर्थच राहिला नसता.

दुसरी पद्धत वसाहती मोजण्याची. कड्यांवरचे ठरावीक चौकोन, अंडी घातल्यापासून पिल्लं उतरेपर्यंतचा काळ, आणि दर वर्षी त्याच पद्धतीने मोजलेली डोकी. इथे एक सापळा आहे. अन्न नसलेल्या वर्षी जिवंत पक्षीही कड्यावर येत नाहीत. २०१६ मध्ये अर्धा रिकामा दिसणारा कडा मृत्यूंमुळे रिकामा आहे की गैरहजेरीमुळे, हे त्या वर्षी सांगताच येत नाही. त्यासाठी पाणी निवल्यावर आणखी काही वर्षं तेच चौकोन मोजत राहावं लागतं. संशोधक हेदर रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ वसाहतींची २००८–२०१४ आणि २०१६–२०२२ या दोन काळांतली मोजणी शेजारी ठेवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला. वसाहती ५२ ते ७८ टक्क्यांनी घटल्या होत्या. अलास्कातले सुमारे ४० लाख गिलेमॉट गेले, म्हणजे साधारण निम्मे. पहिल्या अंदाजाच्या कितीतरी पट.

तुलनेसाठी: १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून याच साउंडमध्ये तेल सांडलं तेव्हा मेलेल्या सर्व जातींच्या पक्ष्यांचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज अडीच लाखांचा आहे. त्या पक्ष्यांची छायाचित्रं जगभर गेली. या ४० लाखांचा पत्ता लागायला आठ वर्षं गेली.

देवमासे: उशिरा उमटलेली खूण

हंपबॅक देवमाशाचं गणित नेमकं उलटं असतं. अंगावर चरबीचा जाड थर असल्यामुळे वाईट महिना त्याला मारत नाही. तो उन्हाळाभर अलास्कात खातो, हिवाळ्यात हवाईला जाऊन जवळजवळ उपाशी राहतो, आणि मादी तिथेच वितेही. गर्भ सुमारे अकरा महिन्यांचा. त्यामुळे एका उन्हाळ्यातली कमतरता आधी मृत्यूंत नव्हे, तर पुढच्या वर्षांतल्या पिल्लांच्या संख्येत उमटते. शिवाय एकेका माशामागे धावणं त्याला परवडत नाही. तोंड उघडून झेप घेताना जो खर्च होतो तो भरून यायला थवा दाट हवा. मासे तेवढेच पण विखुरलेले असतील, तरी त्याचं पोट भरत नाही.

आग्नेय अलास्कातल्या ग्लेशियर बे आणि आइसी स्ट्रेटमध्ये १९८५ पासून दर उन्हाळ्यात शेपटीच्या खालच्या बाजूच्या खुणांवरून एकेक देवमासा ओळखून नोंदवला जातो. २०१३ ते २०१८ या काळात तिथल्या पिल्लांखेरीजच्या देवमाशांची संख्या ५६ टक्क्यांनी घटली. पूर्वी दर प्रौढ मादीमागे वर्षाला ०.२७ पिल्लं दिसत. २०१५ ते २०१९ मध्ये ०.०४१. पिल्लं जगण्याचं प्रमाण दहापटीहून अधिक खाली आलं. हवाईच्या बाजूनेही तेच: माऊई बेटाजवळ आई-पिल्लाच्या जोड्या दिसण्याचं प्रमाण २०१३ ते २०१८ मध्ये ७६.५ टक्क्यांनी घसरलं. काहींना वाटलं की देवमासे दुसरीकडे गेले असतील. पण संपूर्ण उत्तर पॅसिफिकमधली छायाचित्रं एकत्र केल्यावर २०१२ मधले सुमारे ३३,५०० हंपबॅक २०२१ पर्यंत सुमारे २६,७०० वर आलेले दिसले. म्हणजे स्थलांतराने सगळा हिशेब लागत नाही.

बंदी होती, तरीही

उत्तरेकडच्या समुद्रांतल्या चारा-माशांची चर्चा बहुधा मासेमारीवर येऊन थांबते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर २००० पासून सँड ईलची (सँड लान्सच्याच कुळातल्या माशाची) मासेमारी बंद केली ती किटिवेकसाठीच, आणि ते बरोबरच होतं. अलास्कात मात्र कॅपेलिन, सँड लान्स, क्रिल वगैरेंना लक्ष्य करून मासेमारी करायला संघराज्याच्या पाण्यात १९९८ पासून बंदीच आहे. चुकून जाळ्यात आलेले ठेवण्यावरही दोन टक्क्यांची मर्यादा आहे. हेरिंगची मासेमारी राज्याच्या हाती, आणि प्रिन्स विल्यम साउंडमध्ये तीही १९९० च्या दशकापासून जवळजवळ बंद. इतकं असूनही हे घडलं. 'बघा, बंदीचा उपयोग नाही' हा निष्कर्ष यातून काढणं मात्र चूक ठरेल. बंदीमुळे निदान एक शत्रू कमी होता. तो असता तर तिन्ही माशांचा तळ आणखी खोल गेला असता.

व्यवस्थापनाला यातून हाती लागणारी गोष्ट वेगळी आहे. समुद्री पक्ष्यांच्या १४ जातींच्या जगभरच्या नोंदींतून २०११ मध्ये एक ढोबळ रेषा काढली गेली होती: चारा-मासे त्यांच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेले की विणीचं यश ढासळू लागतं. पण ही रेषा टनांत मोजली जाते. २०१६चा सँड लान्स टनांच्या हिशेबात जेवढा दिसेल त्याहून पोटाच्या हिशेबात कमीच भरेल. म्हणून नमुन्यात संख्या, लांबी आणि वजनासोबत दर ग्रॅम ऊर्जाही मोजावी लागते, तीही एक वर्ष वयाच्या माशांची वेगळी. आणि तीन माशांची बेरीज न करता तिघांचे आलेख शेजारी ठेवून ते एकाच दिशेने वळत आहेत का, हे पाहावं लागतं. बेरजेत ही धोक्याची खूण लपून जाते.

पाणी निवल्यावर काय परतलं? २०१६ मध्ये जन्मलेली हेरिंगची पिढी मोठी निघाली. ग्लेशियर बेमध्ये २०१९ आणि २०२० मध्ये हंपबॅक पुन्हा वाढताना दिसले. गिलेमॉटचे कडे २०२२ पर्यंत भरले नव्हते. हा पक्षी खांद्याला खांदा लावून अंडी उबवतो, आणि त्या दाटीमुळेच गल आणि गरुडांना मधे घुसता येत नाही. निम्मी जागा रिकामी झालेल्या कपारीत उरलेल्या प्रत्येक अंड्याभोवती मोकळी जागा आहे, आणि गल तिथे चालत येऊ शकतो.